चौघांचं एक गाणं: हलगी, माग, द्राक्षबाग आणि वाटणीचा कागद

खणभागी
लोकहो, मागे संगीताच्या धाग्यावर एकाने विचारलं होतं, की सांगलीत बसून हिपहॉप सिंगल काढायचं तर नेमकं काय काय करावं लागतं. तिथे चार ओळींत उत्तर दिलं, पण मन भरलं नाही. आमचं गाणं गेल्या शुक्रवारी सगळीकडे लागलं, तर डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढतो. नाव आणि लिंक देत नाही. इथे जाहिरात चालत नाही आणि ॲडमिनकाकांचा राग परवडत नाही.

आम्ही चौघं. मी बीट करतो, खणभागात घरीच. एक रॅपर विट्याचा, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा. दुसरी तासगावकडची, घरची द्राक्षबाग. चौथे हलगीवाले मामा, जत तालुक्यातले. मामांनी हयातीत जेवढ्या वराती वाजवल्यात तेवढी आमची गाणी ऐकूनही झाली नसतील. विषय साधा: पुण्याला जायचं की इथंच राहायचं. विट्याचा जायचं म्हणतो, तासगावची राहायचं म्हणते. कलगी-तुऱ्यासारखा सवाल-जवाब, सोळा-सोळा बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन). तिसऱ्या कडव्यात दोघं एकमेकांच्या ओळी तोडतात आणि निकाल लागत नाही.

हलगीपासून सुरुवात करतो, कारण सगळं गाणं तिच्यावर उभं आहे. नेटवर 'इंडियन पर्कशन' नावाखाली ज्या तयार लूप मिळतात त्यांत हलगी म्हणून जे असतं ते ऐकून मामा नुसते हसले. मग खरीच वाजवायची ठरली. स्टुडिओ म्हणाल तर मार्केट यार्डातलं मित्राच्या वडिलांचं हळदीचं गोदाम. भरलेल्या पोत्यांची थप्पी दोन्ही बाजूंना असली की आवाज घुमत नाही, पोती सगळा पडसाद खाऊन टाकतात. तोटा एकच, हळदीचा खकाणा. माइकवर पातळ फडकं बांधलं तरी ते संध्याकाळपर्यंत पिवळं.

मामांनी आल्या आल्या बाहेर जुने पेपर पेटवले आणि हलगी शेकायला घेतली. कातडं तापलं की ताणतं आणि टणक बोलतं, गार झालं की बसतं. म्हणजे दर दोन टेकला पुन्हा जाळ. रेकॉर्डिंगच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पहिल्या टेकची हलगी आणि पाचव्या टेकची हलगी एका सुरात नसते. त्यामुळे तुकडे जोडताना एकाच शेकातले टेक एकत्र ठेवायचे, शेक बदलला की नवीन फोल्डर. माइक दोन: एक डायनॅमिक, कातड्याच्या मागच्या बाजूने जवळ, आणि एक कंडेन्सर हातभर लांब, जरा तिरका. समोरासमोर ठेवला की टिपरू पडल्या पडल्या लेव्हल लाल. गेन इतका खाली ठेवला होता, की सगळ्यात जोराचा ठोकासुद्धा उणे १० डेसिबलच्या वर जाऊ नये. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर कमी आवाजाची भीती बाळगायची नाही, नंतर वाढवता येतो. फाटलेला ठोका मात्र परत शिवता येत नाही.

क्लिकचं म्हणाल तर हेडफोनमधली टिकटिक मामांनी थोडा वेळ ऐकली आणि हेडफोन काढून पोत्यावर ठेवले. "ह्ये मला मागं वढतंय." खरं होतं. हलगीची लय चढत जाते, तीच तिची गंमत. म्हणून उलटं केलं. मामांना मोकळं वाजवू दिलं आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या ठोक्यांवरून टेम्पोचा नकाशा काढला. गाणं मिनिटाला ९० ठोक्यांवर सुरू होतं आणि शेवटी ९६ वर जातं. ऐकणाऱ्याला कळत नाही, पण अंगाला कळतं.

पुढचं (मिक्स, करार, वितरण) उद्या टाकतो. हात दुखले.

इयत्ता_बारावी
पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)!! दादा कुठलं सॉफ्टवेअर वापरता? आणि लॅपटॉप किती रॅमचा लागतो?

बेसुर_पण_खूष
वाचतोय. हळदीचं गोदाम वाचून वाटलं, हरिपूरच्या हळद साठवायच्या पेवात का नाही केलं रेकॉर्डिंग? जमिनीखाली, चिडीचूप, बाहेरचा एक आवाज येणार नाही.

खणभागी
@बेसुर, पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, आत हवा कोंडलेली असते, जीव जाऊ शकतो. शिवाय २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. आयडिया झकास, माणूस जिवंत हवा एवढीच अट.
@बारावी, सॉफ्टवेअर जवळपास कुठलंही चालतं, बहुतेकांत टेम्पो मॅप असतो. ८ जीबीवर माझं भागतं. पैसे हातात असतील तर लॅपटॉपपेक्षा आधी बरे हेडफोन घे.

शाहिरीप्रेमी
धागा आवडला. एक नम्र नोंद. रॅप हे काही परदेशातून आलेलं नवल नाही. अज्ञानदासाचा अफजलखान वधाचा पोवाडा घ्या, लयीत ठासून बोलणं, मधे गद्य, पुन्हा चढ. तुमच्याच जिल्ह्यातले पठ्ठे बापूराव (रेठरे हरणाक्ष) आणि अण्णाभाऊ साठे (वाटेगाव), दोन्ही गावं वाळवा तालुक्यातली. हा वारसा असताना हिपहॉप हे नाव तरी कशाला?

बेसुर_पण_खूष
आला, वारसा आला. :)

खणभागी
शाहिरीप्रेमी, आदर आहे, पण मला हे नातं ओढूनताणून जोडायला आवडत नाही. हिपहॉपचा जन्म १९७३ साली न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये झाला, डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत दोन टर्नटेबलांवर गाण्यातला नुसता तालाचा तुकडा लांबवला तिथून. काळ्या आणि कॅरिबियन पोरांनी घडवलेली गोष्ट आहे. ती 'आमच्याकडे आधीपासून होतीच' म्हणणं म्हणजे त्यांचं श्रेय खाणं. आम्ही सवाल-जवाबाची बांधणी शाहिरीतून घेतली, ठोका हलगीचा घेतला आणि बाकी सगळं हिपहॉपचं. दोन्हीकडचं ऋण वेगवेगळं मान्य करू, एकात घोळू नको.

शाहिरीप्रेमी
मुद्दा पटला असं नाही, पण रास्त आहे.

मागवाला
मी त्यो विट्याचा. ह्यानं माझं कौतुक काय केलं न्हाई म्हणून मीच लिवतो.
मराठीत रॅप लिवताना सगळ्यात मोठी अडचण काय, तर वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं. मग सगळी यमकं 'तो-तो', 'ते-ते', 'लं-लं' ची. 'मागावर मी उभा ऱ्हातो, रातभर मी धागं पाहतो.' ह्याला यमक म्हणायचं तर बालवाडीची गाणी पण रॅप झाली. माझी पयली वही सगळी असलीच. मग ह्यानं अट घातली, बारच्या शेवटी क्रियापद आलं तर दर ओळीला एक वडापाव. तवापासनं ओळीच्या शेवटी नाम येतंय. झालं ते असं:

रात्रपाळी, डोळ्याला जाळी, पापण्यांवर कापसाचा फाया
ताणा तुटला की रोज तुटतो, हितं कुणाला कुणाची माया

'पाळी-जाळी' आत बसलं, 'तुटला-तुटतो' मधे, आणि शेवटी 'फाया-माया'. क्रियापद मधे दडवलं.
आवाज घरीच घेतला. पण घराच्या दोन्ही अंगाला माग. दिवसरात खटखट. कपाटात शिरलो, अंगावर गोधडी, समोर माइक, एका दमात सोळा बार. वीज गेल्यावर माग बंद पडतात, त्या टायमाला लॅपटॉपच्या बॅटरीवर बेष्ट काम झालं. वीज जाऊ दे म्हणून वाट बघणारा अख्ख्या विट्यात मी एकटाच आसंन.

छाटणी_ऑक्टोबर
आणि तीच खटखट नंतर इंट्रोमध्ये मुद्दाम घातली आहे, ते सांग की.
मी तासगावची. माझ्या कडव्याची सुरुवात:

तू जा पुण्याला, मी बागंत हाय, हातात कात्री, डोक्यावर ऊन
भाव पडला तर बेदाणा करीन, पर जाणार न्हाई सोडून

यावर आमचं भांडण झालं. खणभागीचं म्हणणं 'बेदाणा करीन' जरा गोड वाटतं, इतकं सोपं नसतं. बरोबर आहे, नसतंच. ज्याच्या बागेला खायच्या द्राक्षाचा भाव मिळत नाही तो नाइलाजाने शेडवर जातो, आणि शेडवर टाकलेला माल पावसाने भिजला तर तेही गेलं. पण कडवं मुलीच्या तोंडी आहे, ती तावात बोलतेय. तावात माणूस हिशेब करत नाही. ओळ तशीच ठेवली. पुढे तिसऱ्या कडव्यात हा तिला 'पाऊस पडला मग?' विचारतो आणि ती गप्प बसते, अख्खा एक बार नुसती हलगी. मला गाण्यातली ती जागा सगळ्यात आवडते.

मुलींसाठी एक व्यावहारिक सूचना. बीट मिळाली की आधी आपल्या पट्टीत बोलून बघा. बहुतेक बीट पोरांच्या खर्जातल्या आवाजाचा विचार करून केलेल्या असतात, मग आपला आवाज एकतर चिरका वाटतो नाहीतर आपण उगीच जाड काढायला जातो. मी सूर बदलून मागितला. लाजायचं नाही, फाइलमध्ये पाच मिनिटांचं काम असतं.

जवारी
मिरजेहून. घर तंतुवाद्यांचं. गाण्यात तंबोरा आहे असं कानावर आलंय, त्याबद्दल लिहा की.

खणभागी
भाग दोन.

सूर बदलला तोच तंबोऱ्यामुळे मार्गी लागला. तंबोरा मिरजेचा, सितारमेकर गल्लीतल्या एका ओळखीच्या घरी जाऊन घेतला. (अवांतर: मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.) मी सी शार्प म्हणालो, ते म्हणाले काळी एक, आणि तारा लागल्या. जवारीचा दोरा (घोडी आणि तार यांच्यामधला बारीक धागा) ते केसभर सरकवत होते आणि दर वेळी आवाज उमलत जायचा. एका जागी 'आता बघा' म्हणाले, तेव्हा एका तारेतून पाच-सहा सूर एकदम ऐकू येत होते. तो आवाज मी तसाच अर्धा तास रेकॉर्ड करून घेतला.

अडचण त्यातूनच आली. जवारीतून जे वरचे सूर झणझणतात ते, हलगीचा 'कड्' आणि रॅपरची च, ट, ख ही अक्षरं, सगळी साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी करतात. पहिल्या मिक्समध्ये शब्दच कळेनात. उपाय असा केला: तंबोऱ्याचा तो पट्टा बऱ्यापैकी कापला, आणि हलगीवर असा कंप्रेसर लावला की रॅपरचा आवाज सुरू झाला की हलगीचा फक्त तेवढाच पट्टा दोन-तीन डेसिबल खाली बसेल, शब्द संपला की पुन्हा वर. आख्खी हलगी खाली घेतली असती तर मामांनी ऐकून घेतलं नसतं.

खालचा भाग ८०८ चा, म्हणजे त्या नावाच्या जुन्या ड्रम मशीनच्या खोल बेसचा. काळी एकचा खालचा षड्ज धरला तर जवळपास ३५ हर्ट्झ येतो. डॉल्बीच्या भिंतीवर छाती हलते, पण मोबाइलच्या स्पीकरवर शून्य, आणि आपले निम्मे श्रोते मोबाइलवरच. त्यामुळे त्या बेसला थोडं सॅच्युरेशन दिलं. त्याने ७०, १०५ हर्ट्झ आणि त्याच्या वरचे सूर तयार होतात, आणि लहान स्पीकरवर कान खालचा सूर आपोआप भरून काढतो.

आवाज किती मोठा करायचा यावर लोक फार जीव काढतात. स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सच्या (गाण्याचा एकूण जोर मोजायचं माप) आसपास सगळ्यांना एका पातळीवर आणतं. त्याहून फार जोरात केलंत तर ते खाली ओढणार, आणि दाबून दाबून मारलेला ठोका तसाच मेलेला राहणार. आम्ही उणे ११ च्या आसपास थांबलो, कारण हलगी जिवंत हवी होती.

फाइली पाठवताना: चॅटवर व्हॉइस नोट म्हणून कडवं पाठवू नका, आवाज दाबला जातो. वेव्ह फाइल ड्राइव्हवर टाका, आणि प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या पहिल्या सेकंदापासून सुरू झालेला हवा, मधे शांतता असली तरी चालेल. नाहीतर समोरचा अंदाजाने जुळवत बसतो.

जवारी
जवारीचं वर्णन वाचून बरं वाटलं. आमच्याकडे हल्ली तंबोऱ्यापेक्षा त्याच्या ॲपबद्दल जास्त विचारणा होते. पण तंबोरा कापून वापरला हे घरात सांगू नका, आजोबा जेवणार नाहीत.

बेसुर_पण_खूष
सगळं ठीक, पण मुख्य प्रश्न. मामांना किती दिले? की 'भावा, तुझं नाव होईल' वर भागवलं?

खणभागी
याचीच वाट बघत होतो. खरं तर धागा त्यासाठीच काढला.

मामा नेहमी सुपारी घेतात, दिवसाची, रोख, विषय संपला. तसेच पैसे द्यायचे हे आधीच ठरलं होतं. पण गाणं ऐकल्यावर छाटणी म्हणाली, की हलगी काढली तर उरतं काय? तेव्हा सुपारी तर द्यायचीच, वर वाटाही. विट्याच्याला पटायला वेळ लागला. त्याचं म्हणणं, मामांनी शब्द लिहिले नाहीत, चाल बांधली नाही, वाजवलं. वाजवणाऱ्याला वाटा दिला तर उद्या माइक धरणाराही मागेल.

तीन रात्री फोनवर भांडलो. शेवटी मी मामांची मूळ फाइल लावली आणि विचारलं, की इंट्रोनंतर जो पाचाचा तोडा येतो, ज्यावर तुझं कडवं चढतं, तो कुणी रचला? मी नाही. तू नाही. तो मामांनी तिथल्या तिथे बांधला. मग तो संगीतरचनेत आला, नुसत्या वादनात नाही. यावर तो मानला.

वाटणी अशी: शब्द दोघांचे निम्मे निम्मे. संगीत माझं आणि मामांचं, साठ-चाळीस. ध्वनिमुद्रण चौघांचं समान. कागद मराठीत, मामांना वाचून दाखवला, त्यांच्या मुलाने पुन्हा वाचला, सह्या झाल्या. गाणं कुठेही चढवण्याच्या आधी.

मागवाला
मी मानलो म्हंजे काय, हरलो. तोडा आईकल्यावर बोलायला जागाच ऱ्हायली न्हाई.

कलमबहाद्दर
वकील नाही, पण कॉपीराइटच्या कामात बरीच वर्षं आहे. हे तिघांनी फार शहाणपणाने केलंय, कायदा काय म्हणतो तेही इथे असू द्या.

आपल्याकडे एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्द (साहित्यकृती), संगीत (संगीतकृती) आणि ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणाचा 'निर्माता' म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. चौघांनी खर्च आणि काम वाटून घेतलं असेल तर चौघं निर्माते, पण ते लिहिलेलं हवं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेली दुरुस्ती कलाकारांच्या बाजूची आहे. गीतकार आणि संगीतकाराने ध्वनिमुद्रणासाठी हक्क दुसऱ्याला दिले तरी त्यापुढच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा त्याला सोडून देता येत नाही. वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो, कंपनीला नाही. 'सगळे हक्क कायमचे दिले' असं सही करून घेतलं तरी हा भाग टिकत नाही. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीनिशी असावाच लागतो (कलम १९). मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता.

आणि मामांसाठी: वादक हा 'परफॉर्मर' आहे. कलम ३८अ प्रमाणे त्याच्या वादनाचा व्यापारी वापर झाला तर त्याला रॉयल्टी मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे संगीतात वाटा नसता तरी ते रिकाम्या हाताने जायचे नव्हते. आपल्याकडे हे कुणी पाळत नाही ती गोष्ट वेगळी.

गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) सभासदत्व घ्यावं. रेडिओ, कार्यक्रम, यूट्यूब इथून रचनेचे पैसे ती संस्था गोळा करते. वितरकाकडून येतात ते ध्वनिमुद्रणाचे. दोन वेगळ्या नळांचं पाणी आहे, एकच उघडून बसू नका.

शाहिरीप्रेमी
मग एक विचारतो. पोरांनी पठ्ठे बापूरावांच्या लावणीच्या दोन ओळी किंवा अण्णाभाऊंची छक्कड घेतली तर?

कलमबहाद्दर
उत्तम प्रश्न. शब्दांचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. बापूराव १९४५ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २००६ पासून मोकळे. अण्णाभाऊ १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत परवानगी हवी. आणि शब्द मोकळे असले तरी एखाद्या गायिकेने नंतर केलेलं ध्वनिमुद्रण मोकळं होत नाही, त्याची स्वतंत्र ६० वर्षं. बापूरावांची लावणी स्वतः गा, जुनी तबकडी कापून घालू नका.

इयत्ता_बारावी
आणि यूट्यूबवर ज्या 'फ्री बीट' असतात त्या?

खणभागी
'फ्री' खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. बहुतेक ठिकाणी 'सरावापुरती फ्री' असतं. पैसे भरून घेतलेली बीटही बहुधा लीजवर असते, तीच बीट आणखी पन्नास जणांकडे. तसल्या बीटवरचं गाणं कंटेंट आयडीत (यूट्यूबची गाणी आपोआप ओळखायची यंत्रणा) घालायचं नाही, नाहीतर तुझ्या नावाने बाकीच्या पोरांच्या व्हिडिओवर दावे जातात आणि शिव्या तुला. वितरकाच्या फॉर्ममध्ये 'कंटेंट आयडी हवं का' अशी खूण असते, तिथे विचार न करता हो करू नको.

छाटणी_ऑक्टोबर
वितरणाचं मी बघितलं, म्हणून मी लिहिते.

वितरक निवडताना दोनच गोष्टी बघितल्या. वर्षाची फी थांबली तर गाणं काढून टाकतात का, आणि पैसे चौघांच्या खात्यांवर परस्पर वाटून देतात का. दुसरी सोय असली की महिन्याच्या महिन्याला हिशेब मागायचा प्रसंग येत नाही, मैत्री टिकते.

गाणं तीन-चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर निदान सात दिवस आधी त्यांच्या कलाकार पानावरून सुचवावं लागतं, म्हणजे फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडारमध्येही येतं. वार शुक्रवार, २०१५ पासून जगभर तोच ठरलाय. आमच्या घरी आई म्हणाली, बेंदराला काढा की. पण बेंदूर काही शुक्रवार बघून येत नाही.

चौघंही 'मुख्य कलाकार' म्हणून टाका. 'फीचरिंग'मध्ये टाकलेल्याचं गाणं त्याच्या पानावर नीट दिसत नाही. मामांचं नाव आम्ही पहिल्या रांगेत टाकलं, त्यांचं स्वतःचं कलाकार पान झालंय. त्यांच्या नातवाने ते गावात सगळ्यांना दाखवलं.

विट्याच्याचं मात्र त्रांगडं झालं. एका सेवेवर त्याचं कडवं भलत्याच, त्याच नावाच्या माणसाच्या पानावर जाऊन बसलं. तो माणूस भजनं गातो. त्याच्या चाहत्यांना अचानक रात्रपाळी आणि कापसाचा फाया ऐकू आला. वितरकाला मेलावर मेल केल्यावर आठवड्याने सुटलं. तेव्हा टोपणनाव ठरवायच्या आधी सगळ्या ॲपवर शोधून बघा.

मागवाला
त्या भजनवाल्यांच्या एका चाहत्यानं मला मेसेज केला, 'बुवा, हा नवा प्रयोग आवडला.'

बेसुर_पण_खूष
:D :D

पुणेकर_नाइलाजाने
सांगलीचाच, आता हिंजवडीत. गाणं शोधून ऐकलं. 'पाऊस पडला मग?' नंतरच्या त्या बारला बसमध्ये थांबा चुकला. एक तक्रार: दुसऱ्या कडव्यात तंबोरा फार मागे गेलाय.
आणि पैशाचं कुणीच बोललं नाही. किती मिळतात हो?

खणभागी
तंबोऱ्याची तक्रार मान्य नाही, हेडफोन बदल. :)
पैशाचं: स्ट्रीमवर घर चालत नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून तर गेल्या बारा महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसेच धरत नाहीत. आमचे तेवढे होतील, पण वाटणी चौघांत आहे. चहाभडंग सुटेल. पैसा कार्यक्रमात. दोन कॉलेजांच्या गॅदरिंगचं विचारणं आलंय आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न 'हलगीवाले येणार ना?'

मामांचा दर आता आम्हाला परवडतो का, हा खरा प्रश्न आहे.

शिक्षक_कडेगाव
शाळेत लेझीम बसवतो. तुमची नुसती हलगीची फाइल सरावासाठी मिळेल का? पैसे शाळेकडे नाहीत, खरं सांगतो.

कलमबहाद्दर
गुरुजी, चौघं सहमालक आहेत, एकट्या खणभागीला हो म्हणता येणार नाही. चौघांची संमती हवी.

खणभागी
गुरुजी, आमच्या तिघांची हो आहे. मामांना रात्री फोन करून विचारतो. लेझमीसाठी आहे म्हटल्यावर नाही म्हणायचे नाहीत, पण विचारणार.

खणभागी
विचारलं. मामा म्हणाले फाइल नको, फाइलवर पोरं चुकीची शिकतील. ती चढती लय गाण्यासाठी आहे, लेझमीला ठाय, म्हणजे संथ लय लागते. शनिवारची शाळा सकाळची असेल तर स्वतः येतो म्हणतात, एसटीचं भाडं आणि जेवण. गुरुजी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, नंबर बघा.